माठाखालचं कडं

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. मधली चहाची वेळ तेवढी गाळली.)



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना बोलवा. मी कविता लिहितो, पण भाकरी खातो गोदीतली. कंटेनर आवळायचं काम, कंत्राटावर. मॅट्रिकपुढं शाळेनं मला पाहिलं नाही आणि मी शाळेला. म्हणून सिद्धान्त माझ्याकडं मागू नका. मी आज वाद्यावर बोलणार. सभागृहातल्या नाही, घरातल्या वाद्यावर. खुंटीला टांगलेली ढोलकी, पलंगाखालची पेटी, माळ्यावर धूळ खात पडलेलं तुणतुणं. ते वाजवायचं कसं, पावसाळ्यात जगवायचं कसं आणि त्याचा आवाज धरून ठेवायचा कसा. मागच्या पोरांनो, हसा. मीपण हसायचो.

आमच्या घरात माठाखाली एक लोखंडी कडं होतं. दीड वीत रुंद. माठ त्याच्यावर बसायचा. आजी रोज ते नारळाच्या शेंडीनं घासायची, इतकं की गंज त्याला कधी लागलाच नाही. आठवीत असताना मी विचारलं, हे कसलं कडं गं? ती म्हणाली, "हलगीचं. तुझ्या पणज्याच्या." म्हटलं, मग कातडं कुठाय? म्हणाली, "फाडलं."

एवढंच. पुढचं मला बापाकडनं कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली आणि आमच्या वाड्यानं ठरवलं, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावाच्या दारात हलगी धरायची नाही. पुढची जत्रा आली. बोलावणं आलं. पणजा गेला नाही. दुसऱ्यांदा माणसं आली तेव्हा त्यानं खुंटीवरची हलगी काढली, विळ्यानं सगळ्यांसमोर मधोमध फाडली आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. मग मार खाल्ला. मग मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. जे सगळ्या गावांत झालं तेच. पण कडं त्यानं परत उचललं. लोखंड होतं. गरिबाच्या घरातनं लोखंड फेकत नसतात. ७२ च्या दुष्काळात आजा मुंबईला आला तेव्हा भांड्यांच्या पोत्यात ते कडंपण आलं आणि माठाखाली बसलं ते जवळजवळ पन्नास वर्षं.

२०२१ मध्ये आजी गेली. माठही गेला, फ्रीज आला. कडं माझ्या हातात राहिलं. मी ठरवलं, याच्यावर कातडं चढवायचं.

बापानं माझ्याशी बोलणं टाकलं.

एकदाच बोलला, जेवताना. "जे हातातनं टाकायला माझ्या आज्यानं पाठ फोडून घेतली, ते तू घरात परत टांगतो?" मला उत्तर आलं नाही. आज इथं उभा आहे म्हणून मोठ्या तोंडानं सांगतो, पण त्या रात्री घास गिळता येईना. बापाचं खोटं नव्हतं. हलगी म्हणजे हुकूम होता. कुणाच्या लग्नापुढं, कुणाच्या मढ्यापुढं, कुणाच्या देवापुढं, आणि देव देवळात, वाजवणारा उंबऱ्याबाहेर. वाजवल्याचे पैसे नाहीत, शिळा तुकडा. असलं वाद्य ज्यांनी टाकलं त्यांनी बरोबरच केलं. त्यांना 'संस्कृती टाकली' म्हणून शिकवायला येणारे पांढरपेशे लोक मला दिसले की माझं टाळकं सरकतं. तुमच्या पोराला धाडा ना आधी मढ्यापुढं वाजवायला.

पण मी बघत होतो ते दुसरंच. पणज्यानं फाडलं काय? कातडं. ठेवलं काय? कडं. त्याला हुकूम नको होता. नाद नको होता असं मला कुणी सांगितलेलं नाही.

गोदीत माझ्या जोडीला एक तमिळ पोरगा आहे, धारावीचा. मी त्याला हे सांगितलं तर तो हसला. त्यांच्याकडं परै नावाचं वाद्य आहे, आपल्या हलगीचं सख्खं भावंड. त्या परैवरनंच परैयर हे जातीचं नाव आणि त्याच्यावरनं इंग्रजीतली ती शिवी, जी जगभर चालते. तिकडच्या दलित पोरापोरींनी गेल्या काही दशकांत तेच परै उचललं आणि मोर्च्याच्या पुढं आणलं. मढ्यापुढं बोलावलं तर जायचं नाही, मोर्च्यात कुणी थांबवलं तर थांबायचं नाही. बायका वाजवतात. आपल्याकडं बाईच्या हातात हलगी कुणी पाहिलीय का? नाही ना.

आणि एक घाण आपल्याही घरात आहे, ती आज काढतो. मी कातडं चढवतोय म्हटल्यावर आमच्याच गल्लीतला एक जण म्हणाला, "हलगी मांगांची, आपण बौद्ध, आपल्याला काय करायची?" म्हणजे अण्णाभाऊंच्या नावानं कार्यक्रम करायचा, हार घालायचा, पोवाडा ऐकून टाळ्या पिटायच्या आणि कातड्याची पायरी मात्र जिथल्या तिथं? बाबासाहेबांनी फोडलेली उतरंड आपण वाद्यांत परत रचतोय. पेटी वर, ढोलकी मधे, हलगी खाली. पेटीला तरी कुठं मान होता? १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. का, तर म्हणे ती परदेशी आणि आपल्या रागांतले बारीक सूर तिला जमत नाहीत. तीस वर्षं पेटी रेडिओच्या उंबऱ्याबाहेर. आणि त्याच काळात आपल्या जलशांत, आपल्या गल्लीत ती बिनबोभाट वाजत होती.

मृदंगाचं तर याहून भारी आहे. टी. एम. कृष्णा हे मोठे गायक, त्यांनी २०२० मध्ये मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर पुस्तक लिहिलं. मृदंगाला गाईचं कातडं लागतं, हे त्यात उघड लिहिलंय. चेन्नईतल्या एका नामवंत संस्थेनं प्रकाशनाला दिलेलं सभागृह परत घेतलं. नाद चालतो, कातडं चालतं, फक्त ते कुणी कमावलं आणि कुठल्या जनावराचं, एवढं बोलायचं नाही. आणि ज्यानं मेलेल्या गाईचं कातडं काढलं त्याचं काय होतं ते ऊनाला ११ जुलै २०१६ ला दिसलं. गाडीला बांधून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. तिथल्या आपल्या लोकांनी मग मेलेली जनावरं नेऊन सरकारी कचेरीपुढं टाकली. तुमची गाय, तुम्ही उचला. माझा पणजा हेच म्हणाला होता, साठ वर्षं आधी.

बरं. कातडं.

पहिल्यांदा मी माती खाल्ली. बकऱ्याचं कातडं आणलं, रात्रभर भिजवलं, केस काढले, ओलं असतानाच कड्यावरनं दुमडून मागच्या बाजूला वादीनं आवळलं आणि बिल्डिंगच्या गच्चीत कडक उन्हात ठेवलं. संध्याकाळी बघतो तर एका अंगाला चिरलं. ऊन एका बाजूनं भराभर ओढतं आणि कातडं सगळीकडनं सारखं आखडत नाही. दुसऱ्यांदा सावलीत वाळवलं, दोन दिवस, मधे मधे वाद्या आवळत. तर सोसायटीनं फळ्यावर लिहिलं, 'जिन्यात चामडे वाळवू नये.' बिल्डिंग आपलीच बरं का, सगळी आपलीच माणसं. २२५ फुटांच्या खोलीत आल्यावर आपल्या लोकांना पहिला वास येतो तो कातड्याचा. मी ते आत घेतलं, आईच्या पलंगाखाली वाळवलं. आई काही बोलली नाही. आईनं मला वादी धरू लागली एवढंच सांगतो.

हलगी वाजवायच्या आधी तापवावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. हवेतलं पाणी पिऊन कातडं ढिलं पडतं, आवाज 'भद्' येतो. गावाकडं कडबा पेटवून शेकतात. सातव्या मजल्यावर कडबा कुठं पेटवणार? गॅसवर धरली तर कडेला करपते, एक डाग अजून आहे. मग बल्बाखाली ठेवायला गेलो तर एलईडी! त्याला उजेड आहे, ऊब नाही. जुना तारेचा बल्ब शोधून काढला, साठ वॅटचा, तो खाली अर्धा हात अंतरावर लावला. पंधरावीस मिनिटांत हलगी 'टण्' बोलायला लागते.

ते करत असताना एका रात्री बाप पाण्याला उठला. महिनाभर अबोला होता. उभा राहिला, बघितलं, म्हणाला, "मधे नको धरू. कडंनं फिरव. मधलं आपोआप येतं." आणि जाऊन झोपला. मी तसाच बसलो. याला कुणी शिकवलं? यानं तर आयुष्यात हलगी हातात धरलेली नाही. आज्यानं सांगितलं असणार, किंवा आज्याच्या बापानं, हात चालवून दाखवला असणार नुसता, कातड्याशिवाय. मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

आता तुमच्या घरातलं. पावसाळा मुंबईत चार महिने आहे आणि वाद्याचा जीव त्या चार महिन्यांत जातो. ढोलकी स्वयंपाकाच्या ओट्याकडच्या भिंतीला टांगू नका, कुकरची वाफ थेट पुडीत जाते. शाईवर घामाचा, तेलाचा हात नको. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ, थरावर थर घोटलेली. तिला एकदा ओल लागली की टवके उडतात, मग ढोलकी बोलते पण गात नाही. वाजवून झालं की दोरीवरच्या कड्या थोड्या मागं सरकवा, ताण उतरवा. आपण पाळी संपली की अंग टाकतो, तसं तिलाही टाकू द्या.

पेटीचं दुखणं वेगळं. भाता पूर्ण उघडा, एकही पट्टी दाबू नका आणि मनात आकडे मोजा. भाता लगेच बसला तर कुठंतरी गळतंय. कान लावला की फुस्स ऐकू येतं, तिथं पातळ चामडं किंवा कापडाची पट्टी खळीनं चिकटवा. एखादा सूर मुका झाला तर नव्वद टक्के वेळा मेलेला नसतो, कचरा अडकलेला असतो. सुराच्या पितळी जिभेखालनं पातळ कागद हळूच फिरवा. कानशीवर कानस लावायची हौस करू नका. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाकडं घासलं की उतरतो, एवढं मला माहीत आहे. आणि एवढ्याच माहितीवर मी चोरबाजारातनं आणलेल्या पेटीचे दोन सूर कायमचे घालवले. ते काम कारागिराचं आहे, त्याचे पैसे त्याला द्या.

गोदीचा एक फायदा सांगतो. कंटेनरमधल्या मालाच्या खोक्यांत त्या छोट्या पुड्या असतात ना, वाळूसारखे दाणे असलेल्या, 'खाऊ नका' लिहिलेल्या, त्या फेकून देतात. मी गोळा करतो. चारपाच पुड्या पेटीत, दोन ढोलकीच्या खोळीत. ओल तिथं जाते, कातड्यात नाही. महिन्याभरानं त्या पुड्या तापवून परत वापरायच्या. पण कंटेनरच्या भिंतीला त्या मोठ्या लांब पिशव्या टांगलेल्या असतात, त्या आणू नका. त्या ओल पिऊन खारट पाणी धरतात. पिशवी फुटली तर लोखंड, चामडं, सगळं खलास. आणि डिमडी. जुन्या डिमडीला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, नव्यानं मढवायला गेलात तर थेट आत. बकऱ्याचं लावा. आवाज थोडा जाडा येतो, पण मान ताठ राहते.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं.

माझ्या आजीला चाळीसेक गाणी येत होती. पाळणे, बाबासाहेबांवरच्या ओव्या, कुठल्या कुठल्या जलशांत ऐकून पाठ झालेली. बरीच कुणाची होती तिलाही माहीत नव्हतं. २०१९ मध्ये मी अकरा रात्री बसून ती फोनवर घेतली. ती डब्यावर ठेका धरायची. सगळं एकाच फोनात. दुसरी प्रत नाही. जुलैत पाळीवर असताना फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला दिला. दुकानदारानं पडदा बदलला आणि वरनं मेहेरबानी म्हणून आतलं सगळं साफ करून दिला, नव्यासारखा. मी त्याच्याशी भांडलो नाही. तो बिचारा म्हणाला, "फोन हळू चालत होता ना भाऊ." परत आजीला घेऊन बसू म्हणता म्हणता करोना आला आणि ती गेली.

आता माझ्याकडं तिचे अकरा सेकंद आहेत. आतेबहिणीला व्हॉट्सअॅपवर गंमत म्हणून पाठवले होते, ते तिच्याकडं सापडले. त्यातही निम्मा वेळ पंखा ऐकू येतो.

तर मित्रांनो, हा माझा सिद्धान्त. आपल्या बापजाद्यांचा आवाज टिकला की नाही, हे यंत्र कुणाच्या हातात होतं यावर ठरलं. विलास घोगरे आठवा. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगरेंनी जीव दिला. त्यांचा आवाज आज आपण ऐकतो, कारण आनंद पटवर्धनांनी त्यांना १९८५ च्या 'बॉम्बे अवर सिटी'साठी चित्रित केलं होतं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ ला जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, भीमरायावरच्या. त्या राहिल्या, कारण पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची माणसं टेप घेऊन गेली. त्यांनी लाखावर ओव्या जमवल्या. त्यांचं ऋण आहे, मी मानतो. पण आपण कुणी टेप घेऊन येईल म्हणून किती दिवस बसायचं? वामनदादांची गाणी गावोगाव गातात आणि कितीकदा त्यांचं नावही घेत नाहीत. कंपन्यांनी कॅसेटी काढल्या त्या खपतील त्याच्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले लोक त्या विकत घेत राहिले. बाकी जे गल्लीत, पाळण्याशी, मयताच्या रात्री गायलं गेलं, ते हवेत गेलं. त्या वेळी आपल्याकडं टेप घ्यायला पैसा नव्हता. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे आणि तुम्ही त्याच्यावर काय घेता ते मला माहीत आहे.

स्टुडिओ लागत नाही. आपल्या खोल्या सिमेंटच्या, खाली लादी, आवाज घुमतो, म्हणून गाणाऱ्याच्या मागं दोरीवर गोधड्या टाका आणि खाली सतरंजी. फोन विमानाच्या खुणेवर ठेवा, नाहीतर मधेच कर्जवाल्याचा कॉल. पंखा बंद. फ्रीज तेवढ्यापुरता बंद, नंतर चालू करायला विसरू नका, आईच्या शिव्या खाल. पाणी यायची वेळ टाळा. आमच्याकडं रात्री दीडनंतर शेवटची लोकल गेली की तासभर शांतता मिळते, पण तेव्हा ढोलकी वाजवली तर सोसायटीचा फळा आहेच. म्हणून नुसता गळा रात्री, वाद्य रविवारी दुपारी.

हलगी जवळनं घेऊ नका. फोनचा कान नाजूक, पहिल्या टोल्याला आवाज फाटतो. आणि फोन शहाणपणा करतो, मोठा आवाज आला की सगळंच दाबतो, त्यात गाणारा बुडतो. गाणारा फोनपासून दोन हातांवर बसवा, हलगी दरवाज्यात, फोनच्या पाठीमागं. आधी अर्धा मिनिट घेऊन ऐका, मग पुढं जा. जमलं तर वेव्ह फाइलमध्ये घ्या. जागा जास्त खाते पण आवाज चावून टाकत नाही. व्हॉट्सअॅपवरची प्रत ही प्रत नव्हे. तीन ठिकाणी ठेवा. फोनात, पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्याच्या घरी. दुसऱ्याच घरी, कारण वस्तीला आग लागते तेव्हा एका घराला लागत नाही.

आणि सुरुवातीला नाव. गाणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी अमुक, गाव अमुक, हे गाणं कुणाकडनं घेतलं, आज तारीख काय. बायका लाजतात, म्हणतात माझं नाव कशाला. घ्यायचंच. आमच्या गल्लीतल्या एका मावशीचा पाळणा कुणीतरी उचलून डीजेत टाकला. पोरं नाचली त्याच्यावर, मीपण नाचलो, नंतर कळलं. नाव असतं तर निदान बोट दाखवता आलं असतं.

बाप काय म्हणतो, असं मगाशी कुणीतरी विचारलं. बापानं हलगी अजून मान्य केलेली नाही. मी वाजवतो तेव्हा तो खाली जाऊन बसतो. त्याचा तो हक्क आहे आणि मी त्याला पटवायला जाणार नाही. ज्याच्या घराण्यानं नाही म्हणायची किंमत दिली, त्याच्या नाहीला मी कोण हलका म्हणणार? भिंतीवर हलगी आहे, भिंतीखाली तो जेवतो. सध्या आमचं असं आहे.

झालं माझं. मागं ते काका बसलेत, त्यांना जुन्या जलशातली गाणी येतात असं कळलंय. सकाळपासनं ते नको नको म्हणतायत. खिडकी लावून घ्या. पंखा बंद करा कुणीतरी. काका, इथं सतरंजीवर या, फोनकडं बघू नका, माझ्याकडं बघा. आधी नाव सांगा. मोठ्यानं.